रक्तदात्याची एचआयव्ही चाळणी : सीमाभागात नव्यानं काम सुरू करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यातल्या रक्तकेंद्रांत नव्यानं रुजू झालेले तंत्रज्ञ आणि समुपदेशक, आणि मंडळाचं पहिलंच रक्तदान शिबिर घेणारे कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहितोय. एलायझाचं, म्हणजे रक्तात विषाणूची खूण शोधणाऱ्या चाचणीचं, मशीन कसं चालवायचं ते किटमधल्या पत्रकात लिहिलेलं असतं आणि वरिष्ठ ते चार दिवसांत शिकवतात. दात्यासमोर बसून काय विचारायचं, कसं विचारायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. आणि रक्त सुरक्षित होतं ते निम्म्याहून जास्त तिथंच, असं माझं मत आहे.

आधी शत्रू ओळखा

रेट्रोव्हायरस म्हणजे ज्यांचा जनुकीय मजकूर आरएनएमध्ये असतो असे विषाणू. पेशीत शिरल्यावर ते उलट दिशेनं त्याचा डीएनए बनवतात आणि तो पेशीच्या स्वतःच्या डीएनएत घुसवतात. हे काम करणारं एन्झाइम 1970 मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत शोधलं. आपल्या कामापुरतं लक्षात ठेवायचं ते एवढंच, की एकदा पेशीत बसलेला हा विषाणू आजच्या औषधांनी पूर्ण निघत नाही. म्हणून हिवताप होऊन बरा झालेला माणूस काही काळानं पुन्हा रक्त देऊ शकतो, एचआयव्हीबाधित माणूस कधीच नाही, औषधांनी त्याची तब्येत कितीही उत्तम असली तरी.

रक्तातून पसरणारे मानवी रेट्रोव्हायरस मुख्यतः चार. एचआयव्ही-1 (शोध 1983), एचआयव्ही-2 (1986), आणि एचटीएलव्ही-1 व 2. आपल्या कायद्यानं प्रत्येक बाटलीची एचआयव्ही-1 आणि 2 साठी तपासणी सक्तीची आहे. सोबत हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. भारतात पहिले एचआयव्हीबाधित 1986 मध्ये चेन्नईत सापडले आणि 1989 मध्ये रक्ताची एचआयव्ही तपासणी बंधनकारक झाली.

घाई एवढी का, तर बाधित रक्त ज्याला चढतं त्याला दहापैकी नऊपेक्षा जास्त वेळा लागण होतेच. एका बाटलीपासून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे तीन घटक निघतात, म्हणजे एक चूक तीन घरांत पोचते. त्यात कर्नाटकातलं एचआयव्हीचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास आहे. उत्तर कर्नाटकातले आपले जिल्हे तर पूर्वीपासून जास्त प्रादुर्भावाचे म्हणून नोंदलेले आहेत.

विंडो पिरियड : हे कळलं तर बाकी सगळं कळेल

लागण झाल्यावर पहिले काही दिवस चाचणी काहीच दाखवत नाही. त्याला विंडो पिरियड म्हणतात. शेतकरी दात्याला मी असं सांगतो, की बी पेरलंय पण उगवलं नाही, वरून रान मोकळंच दिसतं.

फक्त अँटिबॉडी, म्हणजे शरीरानं विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं, शोधणाऱ्या तिसऱ्या पिढीच्या एलायझाला सुमारे तीन आठवडे लागतात. चौथ्या पिढीची चाचणी अँटिबॉडीबरोबर पी-24 अँटिजेन, म्हणजे विषाणूचं स्वतःचं एक प्रथिनही पकडते, त्यामुळं ती दोन-अडीच आठवड्यांवर येते. नॅट, म्हणजे विषाणूचं आरएनए थेट शोधणारी चाचणी, ही मुदत दहा-अकरा दिवसांपर्यंत खाली आणते. ती महाग आहे, देशभर सक्तीची नाही आणि सगळ्या केंद्रांत नाही. शून्यावर कुणीच आणत नाही.

म्हणजे मागच्या आठवड्यात लागण झालेला तगडा, हसरा, हिमोग्लोबिन पंधरा असलेला तरुण सगळ्या चाचण्यांत पास होईल. त्याला थांबवायला तुमच्या तोंडचा प्रश्न तेवढा असतो.

पहिली पायरी : शिबिर ठरवताना

इथं कार्यकर्त्यांनी नीट वाचावं. बॅनरवर ‘मोफत एचआयव्ही तपासणी’ असं छापू नका. हेतू चांगला असतो, पण ज्याला आपल्याबद्दल शंका आहे तोच माणूस मग फुकट रिपोर्ट मिळेल म्हणून रक्त द्यायला येतो. शंका असलेल्यानं शिबिरात नाही, सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जायचं. तिथं तपासणी मोफत असते, गुप्त असते, आणि सोबत सल्ला मिळतो. 1097 ही एड्स हेल्पलाइन आहे, बॅनरवर काही छापायचंच असेल तर हा नंबर छापा.

हेल्मेट, मिक्सर, चांदीचं नाणं असली बक्षिसं नकोत. चहा, बिस्किटं, प्रमाणपत्र, बास. बक्षिसासाठी आलेला माणूस खरं सांगायला कशाला जाईल? शेजारच्या गल्लीनं शंभर बाटल्या काढल्या म्हणून आपण सव्वाशे काढायच्या, ही चढाओढ तर त्याहून वाईट. वैशाखातल्या शिवजयंतीला आपल्याकडं चित्ररथाची धामधूम असते, कॉलेजांना सुट्टी लागलेली असते, आणि नेमका तेव्हाच रक्ताचा तुटवडा असतो. त्या दिवसांत शिबिर जरूर घ्या. पण मंडळाच्या अध्यक्षानं मंडपात उभं राहून माइकवरून नावं पुकारायची आणि ‘मागं कोण सरकतंय बघू’ म्हणायचं, हे बंद करा. माघार घ्यायची वाट प्रत्येकाला मोकळी असली पाहिजे, आणि ती चारचौघांत नसली पाहिजे.

रक्तकेंद्र कोणतं बोलवायचं? निपाणी, कागवाड भागात कोल्हापूर किंवा मिरज-सांगलीचं केंद्र जवळ पडतं. राज्याची हद्द ओलांडून येणाऱ्या केंद्राकडं कर्नाटकात शिबिर घ्यायची परवानगी आहे का, हे लेखी बघा. केंद्राचं लायसन्स आणि राज्य रक्त संक्रमण परिषदेची परवानगी या दोन गोष्टींची झेरॉक्स मागायला लाजू नका.

जागा बघताना एक खोली वेगळी ठेवा, निदान पडदा लावून आडोसा करा. शाळेच्या वर्गात बेंचवर ओळीनं बसवून सगळ्यांचे फॉर्म एकदम भरून घेणं म्हणजे चाळणीला भोक पाडणं. एकाच्या फॉर्मवर बघून दुसरा ‘नाही, नाही, नाही’ टिक करत सुटतो.

दुसरी पायरी : दात्याशी बोलणं

आपल्या भागातली खरी अडचण इथं आहे. छापील फॉर्म बहुतेक वेळा कन्नड आणि इंग्रजीत असतो. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून आलेला मराठी शाळेत शिकलेला दाता तो वाचत नाही, सही तेवढी करतो. त्याचा दोष नाही. म्हणून केंद्रानं स्वतःचा मराठी फॉर्म करून घ्यावा, आणि तो नसेल तर तुम्ही प्रत्येक प्रश्न तोंडी विचारावा. सहीचा अर्थ ‘मला कळलं’ असा असला पाहिजे.

भाषा पुस्तकी नको. ‘आपले एकाहून अधिक लैंगिक जोडीदार आहेत काय?’ असं विचारलं की समोरचा ‘नाही’ म्हणतो आणि लाजून खाली बघतो. त्याऐवजी सुरुवात अशी करा : “दादा, हे प्रश्न मी सगळ्यांना विचारतो, सरपंचालाही विचारलेत. उत्तर या खोलीबाहेर जाणार नाही. ज्याला रक्त चढणार आहे त्याच्यासाठी विचारतोय.” मग थेट : “गेल्या वर्षभरात बायकोशिवाय दुसऱ्या कुणाशी शरीरसंबंध आला होता का?” लग्न न झालेल्याला : “कुणाशी संबंध आलाय का, कधी, किती जणांशी?” आवाज सपाट ठेवा. भुवई वर गेली की उत्तर बदलतं.

बायकांशी शक्यतो बाईनंच बोलावं. तिला स्वतःबद्दल विचारून झालं की हेही विचारा : “वहिनी, मालक कामाला बाहेरगावी असतात का? त्यांच्या तब्येतीबद्दल कधी काही शंका आली का?” गोव्याला, पुण्या-मुंबईला कामाला गेलेली माणसं घरोघरी आहेत. बाहेर राहणं हा काही गुन्हा नाही आणि त्यावरून कुणाला नापासही करायचं नाही. पण प्रश्न विचारायचा.

सुईचे प्रश्न लोक विसरतात, म्हणून नाव घेऊन विचारा. गोंदवलंय का? जत्रेत गोंदणारा एकाच सुईनं शंभर जणांना गोंदतो. गोंदल्यापासून, कान-नाक टोचल्यापासून बारा महिने रक्त घ्यायचं नाही. गावातल्या डॉक्टरकडं इंजेक्शन घेतलं तेव्हा सुई समोर फोडली का? नशेची सुई कधी टोचून घेतली? रक्त चढवलं होतं का? मोठं ऑपरेशन? तारीख कुणाला आठवत नाही. “मागच्या यल्लम्माच्या जत्रेआधी की नंतर?”, “गणपतीच्या आधी?”, “ऊस तोडणी सुरू होती तेव्हा?” असं विचारलं की महिना बरोबर निघतो. टेबलावर सण-जत्रांचं कॅलेंडर ठेवा.

नवा एक प्रश्न यादीत घाला : एचआयव्ही होऊ नये म्हणून किंवा झालाय म्हणून कुठली गोळी चालू आहे का? या गोळ्यांमुळं रक्तातला विषाणू इतका दबतो की चाचणी चकू शकते. ‘हो’ आलं की रक्त घेऊ नका, वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवा.

काय करू नये, तेही सांगतो. गावाचं नाव, जात, कपडे, चालण्याची ढब यावरून कुणाला बाजूला काढू नका. देवदासी प्रथेशी नाव जोडलं गेलेल्या सौंदत्ती भागातून आली म्हणून एखाद्या बाईकडं वेगळ्या नजरेनं बघणारे तंत्रज्ञ मी पाहिलेत. धोका वागण्यात असतो, पत्त्यात नाही. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत काही समाजगटांना सरसकट कायमचं वगळलंय. त्या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. नियम आहे तोवर केंद्राला पाळावा लागतो, पण तो सांगताना अपमान करायचा परवाना त्यातून मिळत नाही.

आणखी एक वल्ली ओळखायला शिका : पैशावर रक्त देणारा. 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून व्यावसायिक दाते बंद झाले. कागदावर. दवाखान्याच्या गेटबाहेर ‘पेशंटचा चुलतभाऊ’ होऊन तो अजून उभा असतो. पेशंटचं गाव, वडलांचं नाव, काय झालंय, हे दोन-तीन प्रश्न विचारले की नातं खरं की खोटं कळतं. खरा नातेवाईकसुद्धा अडचणीत असतो. सासऱ्याला रक्त हवंय, सगळं घर बाहेर उभं, आता ‘मी देऊ शकत नाही’ कसं म्हणणार? अशा वेळी तुम्ही बाहेर येऊन “यांचं आज बीपी बसत नाही, दुसरं कोण आहे?” म्हणायचं. हे खोटं मला चालतं.

तिसरी पायरी : अंगाची तपासणी

वय 18 ते 65, पहिल्यांदाच देणारा असेल तर 60 च्या आत. वजन 350 मिलिलीटरसाठी किमान 45 किलो, 450 साठी 55 च्या वर. हिमोग्लोबिन 12.5. पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवस, बायकांना 120. उपाशीपोटी नको, त्यामुळं संकष्टीच्या दिवशी शिबिर ठेवू नका. दोन्ही हातांच्या कोपराच्या खळग्यात सुईचे जुने व्रण आहेत का ते बघा. बाकी डॉक्टर बघतील.

चौथी पायरी : नमुना

बाटलीवर, नळीवर आणि फॉर्मवर एकच नंबर, आणि तो दाता खुर्चीत असतानाच चिकटवायचा. शिबिरात गर्दी झाली की नळ्या ट्रेमध्ये ठेवून ‘नंतर लेबल लावू’ म्हणतात. नळ्यांची अदलाबदल झाली तर जगातलं उत्तम मशीनही चुकीच्या माणसाचं रक्त पास करणार. सुरुवातीचे तीसेक मिलिलीटर वेगळ्या पाऊचमध्ये जाणाऱ्या बॅगा असतील तर नमुना त्यातूनच घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा सुई नको.

दात्याला जाताना केंद्राचा नंबर द्या आणि सांगा : “घरी गेल्यावर वाटलं की आपलं रक्त वापरू नये, तर फक्त बाटलीचा नंबर सांगा. कारण विचारणार नाही.” असा फोन क्वचित येतो, पण आला की तो सोन्यासारखा.

पाचवी पायरी : चाचणी

सगळे रिपोर्ट येईपर्यंत बाटली क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या फ्रिजमध्ये किंवा निदान वेगळ्या, खूण केलेल्या कप्प्यात. ‘अर्जंट आहे, रॅपिड (कार्डवरची झटपट चाचणी) करून देऊन टाका’ असा फोन येणारच. कुणाचाही असो, नाही म्हणा.

किट 2 ते 8 अंशांत ठेवायचं, वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. डिसेंबरातल्या बेळगावच्या गारठ्यात याला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात लाईट जाते, म्हणून इन्क्युबेटर आणि रीडर यूपीएसवर हवेत. मधेच लाईट गेली तर प्लेट ‘चालवून’ नेऊ नका, नवी लावा. रिअॅक्टिव्ह म्हणजे चाचणीत विषाणूची खूण दिसलेला नमुना; खोटे रिअॅक्टिव्ह बऱ्याचदा नीट न धुतलेल्या प्लेटमुळं येतात. वॉशरचं एखादं नोझल तुंबलंय का, हे रोज बघा.

किटमधल्या कंट्रोलशिवाय (कंट्रोल म्हणजे निकाल आधीच माहीत असलेला नमुना) स्वतःचा एक कमकुवत रिअॅक्टिव्ह कंट्रोल रोज लावा आणि त्याचा आलेख काढा. आलेख हळूहळू खाली सरकायला लागला तर किटचा किंवा मशीनचा घोळ आहे, आणि तो रिपोर्ट चुकण्याआधी कळतो. कंट्रोल फेल म्हणजे अख्खी प्लेट फेल. त्यातले ‘बरे दिसणारे’ रिपोर्ट निवडून घ्यायचे नाहीत. रॅपिड कार्ड वापरत असाल तर कंट्रोलची रेघ उमटलीय का ते आधी, आणि वेळ पत्रकात लिहिलेलीच. अर्ध्या तासानं उमटलेली फिकट रेघ मोजायची नसते.

किट घेताना ते एचआयव्ही-1 आणि 2 दोन्ही पकडतं का, हे बघून घ्या.

सहावी पायरी : रिअॅक्टिव्ह आलं तर

रक्तकेंद्राची चाचणी बाटलीचा निर्णय करते, माणसाचा नाही. एकदा रिअॅक्टिव्ह आली की बाटली बाद : ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं जंतू मारणं), मग कचऱ्याची पिवळी पिशवी. दाता बाधित आहे की नाही हे आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी ठरतं.

हा फरक आकड्यांत बघा. समजा 10,000 दाते आहेत, त्यांतले 20 खरोखर बाधित आहेत, आणि चाचणी बाधित नसलेल्या हजारातल्या पाच जणांना चुकून रिअॅक्टिव्ह दाखवते. मग खरे रिअॅक्टिव्ह 20, खोटे जवळपास 50. म्हणजे तुम्ही बोलावलेल्या सत्तर माणसांत पन्नासांना काहीच झालेलं नाही. म्हणून ‘तुम्हाला एड्स आहे’ हे वाक्य रक्तकेंद्रात कुणी उच्चारायचं नाही.

फोनवर निकाल सांगू नका. खेड्यात फोन कुणीही उचलतं, बायको, पोरगं, शेजारी. “शिबिरातली एक चाचणी परत करायची आहे, एकट्यानं येऊन जा” एवढंच, आणि तेही दाता स्वतःच बोलतोय याची खात्री करून. मंडळाच्या कार्यकर्त्यामार्फत निरोप तर अजिबात पाठवायचा नाही. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्यानुसार माहिती गुप्त ठेवणं ही तुमची कायदेशीर जबाबदारी आहे.

पुढं कुठं जायचं ते त्याला ठरवू द्या. चिकोडीच्या माणसाला चिकोडीच्या दवाखान्यात ओळखीचं कोणीतरी भेटणारच. तो बेळगाव म्हणेल, गडहिंग्लज म्हणेल, कोल्हापूर म्हणेल. तपासणीला राज्याची हद्द आडवी येत नाही. चिठ्ठी द्या, आणि तो पोचला का याचा पाठपुरावा करा.

एचटीएलव्हीचं काय?

नव्या तंत्रज्ञांना हा प्रश्न परीक्षेत येतो, कामात येत नाही. एचटीएलव्ही-1 नैऋत्य जपान, कॅरिबियन, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत जास्त आहे. जपाननं 1986 मध्ये, अमेरिकेनं 1988 मध्ये दात्यांची तपासणी सुरू केली. भारतात सक्ती नाही. बहुतेक वाहकांना जन्मभर काही होत नाही, थोड्यांना रक्ताचा कर्करोग किंवा मज्जारज्जूचा आजार होतो. हा विषाणू पांढऱ्या पेशींत राहतो, त्यामुळं त्या पेशी गाळणारे फिल्टर वापरले की धोका बराच कमी होतो. थॅलेसेमिया या जन्मजात रक्ताच्या आजाराच्या मुलांना वारंवार रक्त लागतं, त्यांच्यासाठी फिल्टरचा खर्च मला योग्य वाटतो.

इंटरनेटवर एक्सएमआरव्ही नावाच्या आणखी एका रेट्रोव्हायरसबद्दल वाचायला मिळेल. 2009 मध्ये तो सततच्या थकव्याच्या आजाराशी जोडला गेला आणि काही देशांत अशा रुग्णांचं रक्त घेणं थांबवलं. पुढं तो प्रयोगशाळेतल्या भेसळीचा घोळ निघाला आणि 2011 मध्ये शोधनिबंध मागं घेतला गेला. त्याची चाचणी करायची नाही.

सातवी पायरी : मागं वळून शोध

नेहमी रक्त देणारा दाता या वेळी पक्का बाधित निघाला, तर त्याची आधीची बाटली विंडो पिरियडमधली असू शकते. आधी साठा बघा. तांबड्या पेशी साधारण महिनाभरात संपतात, पण प्लाझ्मा उणे 30 अंशांत वर्षभर टिकतो, तेव्हा तीन-चार महिन्यांपूर्वीच्या रक्तदानातला प्लाझ्मा डीप फ्रीझरच्या तळाशी सापडतो. तो लगेच बाजूला. जे घटक गेले त्यांच्या दवाखान्यांना लेखी कळवा, म्हणजे रुग्णाची तपासणी होईल, आणि हिमोव्हिजिलन्समध्ये, म्हणजे रक्त चढवण्यातल्या अपायांच्या नोंदव्यवस्थेत, नोंद करा.

नोंदी किमान पाच वर्षांच्या लागतात, आणि शोधताना फक्त नावावर विसंबू नका. एकाच माणसाचं नाव एका शिबिरात कन्नडमध्ये, दुसऱ्यात इंग्रजीत, तिसऱ्यात मराठीत लिहिलेलं असतं. आडनावाच्या जागी कधी गावाचं नाव, कधी वडलांचं. जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि रक्तगट या तिन्हींवरून शोधा. मोबाइल बदललेला असेल तर शिबिराचं ठिकाण आणि तारीख धरून जुनं हाती लिहिलेलं रजिस्टर काढा.